न बसणारा गाळ

खिडकीत मातीच्या पाण्याच्या दोन बरण्या होत्या. कोकणातली तांबडी माती सकाळी तळाशी बसली होती, काळीचं पाणी मात्र गढूळच.

"हिचं काय बिनसलंय?" बायकोनं विचारलं. मुलगी गेल्यापासून ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. आणि मी शहाणा, व्याख्यानच सुरू केलं! तांबडीच्या कणांवर विद्युतभार थोडा. काळीच्या कणांवर भरपूर आणि सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात.

"आपल्यासारखे," ती म्हणाली.

सारखं दुःख माणसांना जवळ आणतं, असं भेटायला आलेले सगळे सांगून गेले होते. मी मास्तरकी सोडेना. "थोडं मीठ घातलं की बसतात."

"तुम्ही रडलात का हो, एकदा तरी?"

मी मिठाचा डबा शोधायला स्वयंपाकघरात पळालो.