लाल्याचा पोळा

शकुनबाईंच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही, हे वरठीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना नव्हतं त्यांना शकुनबाई स्वतः सांगत. दारावर भांडीवाला येवो की विजेचं मीटर बघणारा, त्याच्यापुढे ताटली यायचीच. 'पुरे' म्हणणारा माणूस लाजतो आणि त्याला आणखी एकदा वाढायचं असतं, एवढंच त्या जाणत.

सून दीपमाला याच्या उलट. मोजकं बोलणारी, मोजकं खाणारी. टीव्हीशेजारी तिची काचेची पेटी होती आणि पेटीत एकच मासा, केशरी, गोल पोटाचा गोल्डफिश. त्याचं नाव लाल्या. मागच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली, तेव्हा पडल्या पडल्या बघायला काही असावं म्हणून तिच्या नवऱ्याने, अमरने, तो भंडाऱ्याहून आणला होता. दीपमाला त्याला सकाळी चिमूटभर दाणे टाकी आणि डबी बंद करी. शकुनबाईंना ते बघवत नसे. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा.

"मुक्या जिवाले काहून छळून राहिली वो," त्या सुनेला म्हणत. शेजारच्या धुरपताबाईंना तर त्यांनी कितीदा सांगितलं होतं की पोरीचा हात आखडता आहे, माशालासुद्धा पोटभर देत नाही.

पोळ्यासाठी दीपमाला दोन दिवस आधीच माहेरी, सिहोऱ्याला गेली. भाच्याला तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवताना बघायचं होतं. जाताना दाण्यांची डबी सासूच्या हातात देऊन म्हणाली, "आई, चिमूटभरच जी." शकुनबाईंनी मान हलवली आणि ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच परातीत कणीक घेतली. वैनगंगेवर गेल्या की त्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकत, तशाच बारीक गोळ्या केल्या. लाल्याने सगळ्या खाल्ल्या. कोणाला इतकं मन लावून खाताना त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या वाढवल्या.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या आणि शकुनबाई नैवेद्याचं पान हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. गावाकडे धानाची शेती स्वतः करत तेव्हा हे पान बैलजोडीचं असे. आता शेत ठेक्याने दिलेलं, बैल विकलेले, दारात अमरची मोटारसायकल. घरात मुकं जनावर म्हणावं असं एकच होतं. त्यांनी काचेला कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आणि तुपात भिजलेली पोळी कुस्करून पाण्यात सोडली.

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. तिने आधी लाल्याचंच विचारलं.

"बरा हाये. चिमूटभरच देऊन राहिली मी," शकुनबाई म्हणाल्या.

सकाळी मासा उलटा तरंगत होता. पोट वर, लिंबासारखं टरटरून फुगलेलं. पाणी ताकासारखं झालं होतं आणि वर तुपाचा तवंग. मेला समजून त्यांनी काचेवर टिचकी मारली, तर एक कल्ला हलला. तो धडपडून सरळ झाला आणि पुन्हा उलटला.

अमर कारखान्यात जायला निघाला होता. भंडाऱ्यात असाच दुसरा मिळतो का, असं त्यांनी त्याला हळूच विचारलं. बुटाची नाडी बांधता बांधता तो थांबला.

"थे याची शेपटी झोपेत ओळखते, आई. आन् तू दुसरा आणाले सांगून राहिली? फोन कर तिले."

चेहरा तापला तरी फोन करावाच लागला. आधी त्यांनी कणकेचं सांगितलं. आणखी काही दिलं का, असं विचारल्यावर पुरणपोळीचं सांगितलं. कालचं बोलणं खोटं होतं, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. दीपमाला रागावली असती तर शकुनबाईंना सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिने फक्त कामं सांगितली. पडलेलं सगळं गाळणीने काढा. पाणी एकदम बदलू नका, थोडं काढा आणि आधी भरून ठेवलेल्या बादलीतलं घाला, नळाचं ताजं नको. आणि मी सांगेपर्यंत काहीच खायला देऊ नका.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. आई, तो तोंड उघडते थे श्वास घ्यायले. दरवेळी भूक नसते जी."

उपाशी ठेवणं शकुनबाईंनी जन्मात केलं नव्हतं. त्या पेटीसमोर बसल्या. लाल्या तिरपा होऊन तोंड उघडत होता, मिटत होता. त्यांचा हात डबीकडे जाई आणि परत येई.

अशाच त्या मागच्या पावसाळ्यात दीपमालाच्या खाटेपाशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलं होतं. अशाने पोरगी खंगून जाईल म्हणून त्यांनी तुपातला शिरा केला आणि ताटली रिकामी होईपर्यंत उठल्या नाहीत. तिने डोळे मिटून घास गिळले, मग न्हाणीत जाऊन ओकली. सुनेचे खायचे नखरे फार, असं त्यांनी गल्लीत सांगितलं. तिने तेव्हा 'पुरे' म्हटलं होतं. कितीदा म्हटलं होतं, ते आता आठवू लागलं, आणि समोरच्या माशाकडे बघवेना.

फोनवर विचारून विचारून त्या पाणी बदलत राहिल्या. लाल्याचं पोट जरा उतरल्यावर दीपमालाने वाटाणा सांगितला. अमरने पाकिटातला हिरवा वाटाणा आणला. तो उकडून, साल काढून, अर्धाच कुस्करून घालायचा होता. शकुनबाईंनी अर्धा म्हणजे अर्धाच घातला. मासा हळूहळू खाली जाऊ लागला, आणि दीपमाला परतली त्या सकाळी सरळ पोहत होता, थोडा एका अंगाला कलून.

धुरपताबाई चौकशीला आल्या. पेटीत वाकून बघत म्हणाल्या, "उपाशी ठेवला असन पोरीनं, दुसरं काय. शकुनबाई, तूच त सांगे."

दीपमाला चहा घेऊन दारात उभी होती. "पाणी खराब झालं होतं, काकू," ती म्हणाली.

तेवढ्यावर निभावलं असतं. चहा झाला असता, विषय गेला असता.

"पाणी मी खराब केलं," शकुनबाई म्हणाल्या. "उपाशी नव्हता तो. मीच त्याले खाऊ घालून घालून मारून राहिली होती. आन् हिची कावीळ होती, तवा मना केलेलं तूपही मीच चारलं. नखरे हिचे नव्हते, धुरपता. मी खोटं सांगतलं तुले."

धुरपताबाई हसल्या. "बाप्पा, मंग तुह्या घरी जेवाले यायचं का नाही आता?"

शकुनबाईंना हसू आलं नाही. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. जाऊ द्या, असं तिने म्हटलं नाही. तिने धुरपताबाईंना कप दिला, सासूपुढे कप ठेवला आणि पेटीजवळ जाऊन बाह्या वर केल्या.

"आई, चहा झाला की बादली धरा जरा," ती म्हणाली.

शकुनबाई चहा तसाच ठेवून उठल्या.