जावयाने वाळवलेला डोंगा

लाकडी डोंगा उन्हात वाळवायचा नसतो, हे वैनगंगेकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. मी त्या गावाचा जावई.

शहापूरला हायवेवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कशाला काय लावायचं, हे दिवसभर लोकांना सांगून सांगून मला सगळ्यातलं सगळं कळतं असा माझा पक्का समज झाला होता. त्यात दिवाळीनंतर सासऱ्यांचा पाय नदीच्या उतारावर घसरला. घोट्याला प्लास्टर चढलं आणि ते खाटेला खिळले.

सासरे मासेमार. थंडी वाढली की मासा डोहाच्या तळाशी दबून बसतो, जाळ्यात येत नाही. तेवढ्या काळात ते आपल्या नावेची, म्हणजे डोंग्याची, डागडुजी करून घेतात, म्हणजे महाशिवरात्रीनंतर पुन्हा जाळं टाकता येतं. डोंगा एकच आणि घर त्याच्यावर चालतं. म्हणून मी म्हटलं, "मामाजी, डोंग्याचं टेन्शन सोडा. मी करतो."

"तुमी कायले तरास घेता, बापू," ते म्हणाले.

हा नकार होता. मला तो संकोच वाटला.

बायकोला दुकानात बसवून मी सासुरवाडीत मुक्काम ठोकला. चार गडी लावून डोंगा पाण्याबाहेर ओढला आणि काठावरच्या रेतीत, भर उन्हात पालथा घालायला सांगितला. गडी जरा घुटमळले. एकानं विचारलं, "इथंच, जावईबापू?"

"इथंच. खडखडीत वाळू द्या."

"बरं, बापू."

आमच्याकडं जावयाला चूक दाखवत नाहीत. जावयानं बैलाला रेडा म्हटलं, तर चार माणसं बैलाकडं नीट निरखून पाहतील आणि म्हणतील, व्हय, जरा तसाच दिसते. हे मला माहीत होतं. स्वतःच्या गावात आमच्या जावयाशी मीही तसाच वागतो. पण आपण स्वतः जावई असलो की हे नेमकं डोक्यातून जातं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यांच्या सांध्यांकडं वळलो. त्यांत काहीतरी काळं, चिकट कोंबलेलं होतं. डांबरात भिजवलेल्या चिंध्या. मला वाटलं, वर्षानुवर्षांची घाण. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी ती मन लावून कोरून काढली. बाजूच्या बाभळीखाली गावातले दोन-तीन म्हातारे बिड्या ओढत बसले होते.

"बढिया काम करून राहिले जावईबापू," एक म्हणाला.

"हात पाहा ना कसा चालते," दुसरा म्हणाला.

मी आणखी जोरात कोरलं. नंतर दुकानातून निळा ऑइलपेंट मागवला, त्याचे हात मारले, आणि पुढं रोज जाऊन डोंगा किती वाळला ते टकटक वाजवून पाहू लागलो. चांगला ढोलासारखा वाजत होता. एक दिवस सकाळी मी फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकला.

त्याच दुपारी ब्रश शोधायला मी डोंग्याखाली सरपटत शिरलो. आत अंधार असायला हवा होता. पण माझ्या शर्टावर उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. मी मान वर केली. सांध्या-सांध्यातून आभाळ दिसत होतं. एका फटीत बोट घालून पाहिलं. बोट आरपार गेलं आणि बाहेर हलायला लागलं. माझंच बोट, पण मी त्याच्याकडं परक्यासारखा पाहत राहिलो.

बाहेरून आवाज आला, "अजी, निंगा बाहेर."

बायको. स्टेटस पाहून दुकानाचं शटर ओढून आली होती. मी गुडघ्यांवर रांगत बाहेर आलो.

"उन्हात कोनं ठेवला?"

"मी."

"अन् सांध्यातल्या चिंध्या?"

"घाण होती ती..."

तिनं माझ्याकडं पाहणं सोडून दिलं आणि बाभळीकडं वळली. "काका, तुमी इथंच बसून होते ना? काहून नाई सांगतलं?"

"जावयाले कसं सांगाव, बाई?" म्हातारा खाली पाहत म्हणाला. "तुह्या बापाले सांगत होतो ना रोज. त्याले सारं मालूम आहे."

ती तडक घराकडं निघाली. घरापर्यंत मी तिच्या मागं कसा गेलो, मला आठवत नाही.

मामाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. बायकोनं विचारलं, "बाबा, तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग?"

"जावई मानूस आपल्या हातानं करून राहिला. थांबवाव कसं?"

आवाजात राग नव्हता, त्यानंच मी जास्त हादरलो. घर चालवणारा डोंगा उन्हात फाकत होता, त्याची खबर हा माणूस रोज खाटेवर ऐकत होता, आणि मी संध्याकाळी आलो की विचारत होता, "चाय घेतला का, बापू?" आणि मी रोज घेत होतो. वर बिस्कीट मागत होतो.

"आता काय करायचं ते तरी बोला," बायको म्हणाली.

मामाजींनी कूस बदलली. मग म्हणाले, "बुडवा त्याले."

मला वाटलं, संपलं. माणसानं डोंग्याची आशाच सोडली. बायकोनंच समजावलं की लाकूड पाणी पिऊन फुगलं तर फटी मिटतील, नाहीतर शिवरात्रीला डोंगा नाही. मग कंबरभर गार पाण्यात उभा राहून मी त्या निळ्या डोंग्यात एकेक दगड ठेवला. प्रत्येक सांध्यातून बुडबुडे निघाले आणि तो खाली बसला. काठावरून आवाज आला, "दगड बढिया ठेवून राहिले बापू." या गावाचं करायचं काय, मला कळेना.

माघात दगड काढून डोंगा वर घेतला. रंगाचे पापुद्रे लोंबत होते, पण फटी बऱ्याचशा मिटल्या होत्या. सावलीत निथळू दिला. चिंध्या माझ्या शर्टांच्या, डांबर माझ्या दुकानातलं, आणि ते कोंबायला बायको. मला नुसतं धरून बसायचं काम होतं. बुडाशी एक सांधा मात्र हट्टी निघाला.

शिवरात्रीनंतर मामाजी काठी टेकत नदीवर आले. काठावर गाव जमलं होतं. त्यांनी वल्हं घेतलं आणि मला रिकामा डबा देऊन पुढं बसवलं. धारेत पोचतो न पोचतो तोच माझी पावलं ओली झाली. त्या सांध्यातून पाणी येत होतं. डबा हातात धरून मी नुसता पाहत राहिलो.

"मामाजी, पाणी."

"दिसून राहिलं मले. उपस ना बे. वाळवाले लई अक्कल चालली, उपसाले हात नाई का तुले?"

काठावरची कुजबुज थांबली. बायकोनं तोंडावर पदर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या गावात मला कुणी 'तू' म्हटलं नव्हतं, 'बे' तर लांबच. मामाजींचं वल्हंही हवेत थांबलं. आपल्या तोंडून काय गेलं, याचा त्यांना माझ्याइतकाच धक्का बसला असावा. आता ते 'बापू' म्हणून सावरून घेतील, या भीतीनं मी घाईघाईनं डबा भरला.

"त्या बाजूनं नोको," ते ओरडले. "बूड हालते. मधातून उपस."

"हो मामाजी," मी म्हटलं, आणि मधातून उपसू लागलो. येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारं पाणी थोडं जास्त होऊ लागलं, तेव्हा त्यांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.