‘लघवी होतेय ना? मग झालं!’

आम्ही जुन्या नर्सेस भेटलो की किस्से निघतात आणि हसून हसून पोट दुखतं. पण बहात्तर सालचे, कोपरगावकडच्या आमच्या बायकांच्या वॉर्डातले हे किस्से सांगताना माझं अजून डोकं फिरतं!

आमच्या सर्जनसाहेबांकडे बायकांच्या सगळ्या दुखण्यांना एकच निदान होतं. गॅस! एकीचे टाके पिकले, पू वाहत होता. साहेब लांबूनच म्हणाले, "सोडा-पाणी द्या."

* * *

अकोले तालुक्याच्या डोंगरातली हिराबाई. साहेबांनी तिची गर्भपिशवी काढून तिसरा दिवस. "सिस्टर, डाव्या कुशीत लई दुखतंया, पार पाठीपत्तुर." अंगात सणसणून ताप. हात लावला की किंचाळायची.

मी राउंडला सांगितलं. साहेब म्हणाले, "लघवी होतेय ना?"

"होतेय, पण..."

"मग झालं! सिस्टर, तुम्ही बेडपॅन बघा. डॉक्टरकी मी करतो."

* * *

पाचव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, हात जोडून विचारलं. साहेब हसले. "घरी जाऊन काम करायला नको, म्हणून कण्हतेय."

कोंडाजीचे जोडलेले हात खाली आले. "सायेब, बाळंत झाल्यावर आठव्या दिशी भात लावाय गेल्ती ती. उगा न्हाई कन्हायची."

साहेबांनी तिथल्या तिथे डिस्चार्ज लिहिला. ताप एकशे दोन!

* * *

मी रजा टाकली आणि दोघांना घेऊन एसटीनं पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी शिरेत औषध टोचून एक्स-रे काढले. डाव्या मूत्रपिंडाकडून येणारी नळी ऑपरेशनच्या टाक्यात आवळली गेली होती! लघवी होत होती ती एकट्या उजव्याची. तिकडं डावं तुंबून फुगलेलं.

"आणखी थोडे दिवस गेले असते, तर ते काढूनच टाकावं लागलं असतं," ते म्हणाले.

पुन्हा पोट उघडलं, नळी सोडवली. मूत्रपिंड वाचलं.

पुण्याचं पत्र आमच्या साहेबांनी दोनदा वाचलं. बाई कशी आहे, हे विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "हिला तिकडे नेलं कुणी?"

"मी," म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून माझी बदली कपडे धुण्याच्या विभागात!

* * *

तीन महिन्यांनी हिराबाई तपासणीला आली. मी धुतलेल्या चादरी घेऊन ओपीडीत आले, तर बायकांची ही गर्दी. साहेब एकदम गोड आवाजात म्हणाले, "काय हिराबाई, आता दुखतंय का कुठं?"

हिराबाईनं पदर सारखा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुमीच सांगा, सायेब. मागल्या खेपंला माझं दुखनं माझ्यापरीस तुमालाच जास्त ठावं हुतं!"