नाव टाकू का?

जयवंताबाई कशी होती असं कोणी विचारलं, तर रुपरावांना धड काही सांगता यायचं नाही. तिचं मूळ गाव कोणतं, तिला भावंडं किती, ती रागावली की कशी दिसते, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. तिचा चेहरासुद्धा त्यांनी कधी नीट पाहिला नाही. मान खाली घालून बसण्याचा धंदाच त्यांचा. भांडं पुढे करणारे तिचे हात तेवढे ते ओळखत, आणि तिच्या नवऱ्याचं नाव. ते त्यांनी इतक्या भांड्यांवर कोरलं होतं, की डोळे मिटूनही कोरलं असतं.

इतवारीच्या बाजारात ताराचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात, पायरीजवळच्या तरटावर रुपराव बसायचे. गुडघ्यांत भांडं धरायचं, बारीक छिन्नीवर हातोडीचे ठोके द्यायचे आणि ठिपक्याठिपक्यानं नाव उमटवायचं. एकाहत्तर-बाहत्तरचे दिवस. पितळ मागे पडून घरोघरी स्टील येत होतं. नव्या भांड्यावर नाव नसलं, तर शेजारच्या लग्नात दिलेली परात परत यायची नाही. म्हणून गिऱ्हाइकानं भांडं पसंत केलं, की रुपरावांचा ठरलेला प्रश्न असायचा, "नाव टाकू का?"

जयवंता शनिवारी दुपारी यायची. एका खासगी दवाखान्यात ती आयाचं काम करायची. दुकानात शिरली की तिची चाल बदलायची. पदर सावरून ती स्टुलावर बसे आणि फळीवरच्या पातेल्यांकडे बोट दाखवून शेठला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "तो वरचा गंज काढा बरं जी. नाही, त्याच्या बाजूचा."

"आओ बाई!" ताराचंद शेठ गल्ल्यावरूनच ओरडायचे. "मागच्या शनवारी गंज नेला न? त्याचं काय केलं, फुटबॉल खेळले का?"

"तो लहान पडते. आमचे मालक खाणारे आहेत. वांग्याचं भरीत केलं तं चार भाकरी एका बैठकीत."

"असा नवरा पाहिजे. माझ्या घरी तं मीच एकटा खातो अन् शिव्याही मीच खातो."

सगळे हसायचे. जयवंता सगळ्यांत जास्त. मग चहा यायचा. ती गंज उलटा करून बुडाला टिचकी मारायची, कान लावून आवाज ऐकायची, झाकण फिरवून पाहायची. दहा भांडी खाली उतरवून एक पसंत करायची आणि ते रुपरावांपुढे धरायची.

"नाव टाकू का, बाई?"

"टाका न. मालकाचं टाका. देवराव."

पहिल्यांदा तिनं हे सांगितलं तेव्हा क्षणभर थांबली होती, एवढं रुपरावांना पुढं आठवलं. त्या वेळी त्यांना ते लाजणं वाटलं होतं. नवऱ्याचं नाव घेताना बायका थांबतातच.

वाट्या गेल्या, डबे गेले, चाळणी गेली, पुरणयंत्र गेलं. रुपराव मनात म्हणायचे, भाग्यवान माणूस आहे हा देवराव. एवढं मन लावून कोण कोणाचं घर भरतं?

एका रात्री जेवताना त्यांनी ते बायकोजवळ बोलून दाखवलं. गोपिकानं भाकरी तव्यावर टाकली आणि वळून पाहिलं.

"कोण जयवंता? पाचपावलीची? माझ्या माहेरच्या गल्लीतली?"

"असंन. दवाखान्यात आहे."

"अजी, ते तं टाकलेली बाई आहे! देवरावानं दुसरी केली अन् हिले भावाच्या दारात आणून सोडलं. किती वर्षं झाली. काहून, तुम्हाले काय सांगते ते?"

रुपरावांचा घास हातातच राहिला. "भांडे नेते न वं ते. दर शनवारी."

"नेते अन् खाटेखाली तरटाच्या बोऱ्यात भरते. भावजय आल्यागेल्याले बोरा उघडून दाखवते, हे पाहा आमच्या वन्संचा संसार म्हणून. जेवाले बसले तं हिच्या ताटाची वाट कोणी पाहात नाही. रात्री उशिरा आली तं झाकलेलं खाते." गोपिकानं भाकरी उलटली. "आता चांगलं झालं होतं. तिकडं बेसा गावच्या दवाखान्यात दाईची पक्की नोकरी लागली, राहाले खोली देते. दिवाळीच्या आत हजर व्हा म्हणे, नाही तं दुसरीले देऊ. पण हे बाई हालतच नाही. एक कढई राहिली, मग एक परात राहिली. असं करता करता खोली जाईन तिची."

त्या रात्री रुपरावांच्या कानात दोनच शब्द फिरत राहिले. टाकलेली बाई. आणि आपण दर शनिवारी, चारचौघांत, मोठ्या आवाजात तिला काय विचारत होतो? टाकू का? नाव टाकू का? त्यांच्या तोंडचा रोजचा साधा शब्द. एखाद्या चपलेत खिळा वर आलेला असावा आणि आपण ती चप्पल दुसऱ्याला घालायला देत राहावी, तसं त्यांना झालं.

पुढच्या शनिवारी ती आली. दिवाळीची गर्दी होती, शेठ ओरडून ओरडून घसा बसवून बसले होते. जयवंतानं एक छोटी कढई निवडली आणि तरटाशी येऊन वाकली. रुपरावांनी ती घेतली, गुडघ्यांत धरली.

"नाव..." ते अडखळले. "नाव घालू का, बाई?"

जयवंताचा हात मागे जाता जाता थांबला.

"आजवर टाकत होते न जी तुम्ही," ती हळू म्हणाली. "आज घालून राहिले?"

"तोंडात आलं तसंच."

"कोणं सांगतलं?"

रुपराव छिन्नीकडे पाहत राहिले. खोटं बोलायला त्यांना कधीच जमलं नाही आणि खरं बोलायचं धाडसही नव्हतं.

"घरचीचं माहेर पाचपावलीचं," ते शेवटी म्हणाले.

"मंग समदंच सांगतलं असंन." ती स्टूल ओढून तरटाजवळ बसली. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता, त्यात तिचं बोलणं फक्त त्यांनाच ऐकू जात होतं. "हसले असान."

"नाही जी. हसलो नाही."

"पहिल्या दिवशी मी वाटीच घ्यायले आली होती. एकच. तुम्ही इचारलं, नाव काय टाकू. आता काय सांगू? माझं सांगतलं तं तुम्ही म्हणसान, मालकाचं काहून नाही. तोंडातून निघालं देवराव. मंग पुढच्या वेळी दुसरं कसं सांगू? एकदा देवराव म्हटलं तं देवरावच." ती कढईच्या कानाशी चाळा करत राहिली. "त्या घरी मले कोणी काही इचारत नाही भाऊ. काय खाशील, कवा येशील, काही नाही. इथं आली की बसा म्हणते, चहा घ्या म्हणते, कोणतं दाखवू म्हणते. शुक्रवारपासूनच मन दुकानात येऊन बसते. अन् भांडं घरी नेऊन बोऱ्यात टाकलं की झालं, पुन्हा तसंच रिकामं."

रुपरावांनी छिन्नीचं टोक फडक्यानं पुसलं. "बेस्याचं काय मग?"

"तेच तं. खोलीत भांडे मांडीन न मी. शेजारच्या बाया येतीन, वाचतीन. कोण देवराव? कुठं आहे? कवा येते?" ती पुढं वाकली. "भाऊ, हे नाव मिटवता येते का?"

हा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी विचारला नव्हता. लोक नाव टाकायला यायचे.

"नाही येत," ते म्हणाले. "ठिपका आत बसते. घासत गेलं तं पत्राच झिजते. नाव जाईन तवर भोक पडंन."

तिनं मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. "मंग टाका. ह्याच्यावरही टाका देवराव."

रुपरावांनी छिन्नी टेकवली. हातोडी उचलली. आणि तिथंच अडकले.

"ही कोरी न्या," ते पुटपुटले.

"कोरी कशी नेऊ? कोरं भांडं भावजयीच्या मांडणीवर जाते. मंग माझं म्हणून मागता येत नाही."

"पाचपावलीले नेलं तं जाईन." रुपरावांनी हातोडी खाली ठेवली. एवढं बोलणं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. "बेस्याले तुमच्या खोलीत कोणाच्या मांडणीवर जाईन, बाई?"

गल्ल्यावरून शेठ ओरडले, "बाई, पुढच्या शनवारी नवे डबे येऊन राहिले! झाकणवाले! तुमच्यासाठी बाजूले ठेवतो!" ती सवयीनं शेठकडे वळली, तोंडावर ते नेहमीचं हसू आलंसुद्धा. मग ते तिथंच विरलं. तिनं कढई उचलून उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेठनं बाजूला ठेवलेले डबे कुरकुरत दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकले. दिवाळीनंतर गोपिका माहेरी जाऊन आली आणि चप्पल काढता काढताच सांगू लागली, "जयवंता गेली म्हणे निघून. बेस्यालेच गेली का आणखी कुठं, भावजयीले सांगतलं नाही. बोरे खाटेखाली तसेच सोडले. आता त्या घरचे पोरं देवरावाच्या ताटात जेवून राहिले!" आणि ती हसत सुटली.

रुपरावांना बेस्याला जाऊन यावं असं कितीदा वाटलं. एकदा ते फाट्यापर्यंत गेलेही. पण जाऊन विचारायचं काय, आणि आपण तिचे कोण, हे सुचेना, म्हणून परत फिरले. ती तिथं पोचली की वाटेत दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या स्टुलावर जाऊन बसली, हे त्यांना कधीच कळलं नाही.

त्या शेवटच्या शनिवारी, गर्दीतून वाट काढत ती पायरी उतरली होती. कोरी कढई तिनं नुसती हातात धरली होती, कान धरून.

"बाई," रुपरावांनी मागून हाक मारली, "बांधायले सुतळी देऊ का?"

"नको जी," ती म्हणाली. "एकच तं आहे."