फ्रीजचा मधला कप्पा

सरोज गेल्याचं मला तिच्या जाऊबाई हिराबाई यांनी फोनवर कळवलं. मग म्हणाल्या, "सर, पोरांच्या चिखलाच्या बाटल्या फ्रीजमदी हायत. काय करू त्यांचं?"

"राहू द्या," मी म्हणालो. "येतो मी."

डॉ. सरोज पाटील विद्यापीठात माझ्याच पर्यावरणशास्त्र विभागात होती. मी विभागप्रमुख, ती वयाने बरीच लहान. नुकती पीएच.डी. झालेली मुलं आमच्याकडे कंत्राटावर संशोधनाला येत. प्रयोगशाळेची किल्ली मात्र फक्त कायम नोकरीतल्या प्राध्यापकांना मिळे. नियम मी केला नव्हता, पण राबवत मीच होतो, आणि जरा जास्तच काटेकोरपणे. मुलं न्हावा शेव्याकडच्या खाडीतून चिखलाचे नमुने घेऊन येईपर्यंत विभागाला कुलूप लागलेलं असे, आणि चिखल थंड राहिला नाही तर सगळी मेहनत वाया. मग सरोज त्यांना बाटल्यांसकट नेऱ्याला आपल्या घरी नेई.

कुणीतरी तक्रार केली म्हणून मी एकदा पाहायला गेलो. स्वयंपाकघरात चार-पाच मुलं तांदळाची भाकरी खात एकमेकांच्या लेखांतल्या चुका काढत होती. स्नेहल नावाची मुलगी रडकुंडीला आलेली; तिचा पहिलाच लेख नियतकालिकाकडून परत आला होता. "माझे किती आलेत, विचार," सरोज तिच्या ताटात मासळी वाढत म्हणाली. "खा आधी. मग बघू त्यांना काय पटलं नाही ते." मला पाहून म्हणाली, "या सर. फक्त फ्रीज उघडू नका, घाबराल."

हिराबाई चुलीपाशी होत्या. "सर, तुमच्याकडं जागा द्या की यांना. माझं ताक रोज भायेर आंबतंय."

परतताना कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा तेच ताक डोक्यात होतं. पुढे मी विद्यापीठापुढे योजना मांडली. नव्या संशोधकांना किल्ली, फ्रीजमध्ये जागा, आणि लेख वाचून देणारा एक ज्येष्ठ सहकारी. ती मंजूर झाली, माझा सत्कार झाला. भाषणात मी म्हणालो, "हा विचार बरीच वर्षं माझ्या मनात होता." दुसऱ्या रांगेत सरोज मनापासून टाळ्या वाजवत होती. नंतर जिन्यात गाठून म्हणाली, "मनात कुठे सर, फ्रीजमध्ये होता." आणि हसत सुटली. मीही हसलो. पण दुरुस्ती कधी केली नाही. तिने मागितली नाही, एवढं निमित्त मला पुरलं...

आता विद्यापीठ नव्या संशोधकांच्या दालनाला माझं नाव देणार आहे. मी कळवलं, नाव सरोजचं द्या, सगळं तिनेच सुरू केलं होतं. "लेखी द्याल का, सर?" त्यांनी विचारलं. हे लेखी.

बाटल्या आणायला मी आणि स्नेहल गेलो. ती आता स्वतः प्राध्यापक आहे. रविवारी विभाग बंद असतो आणि विद्यार्थ्यांना किल्ली अजून मिळत नाही, म्हणून तिचे विद्यार्थीही खाडीवरून थेट सरोजकडेच जात. बाटल्या काढल्यावर हिराबाईंनी मधला कप्पा ओल्या फडक्याने पुसून घेतला.

"आता ताक ठेवा आत," मी म्हणालो.

"नको. ऐतवारी कुनी आलं तर?"

ताकाचं भांडं ओट्यावरच होतं. त्यांनी आम्हाला एकेक पेला दिला. ताक चांगलंच आंबलं होतं. स्नेहलने आणखी मागितलं, मीही.