नकाशावर एकही ठिपका नाही

आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या इंग्रजाने माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, तिला. मला फसवणारा माणूस अजून टोरांटोच्या घाऊक बाजारात जन्माला यायचा आहे, असं मी चारचौघांत सांगतो आणि ते बरंचसं खरंही आहे. पण रेजिनाला त्याने फसवलं, तेही दर नाताळात तिने तळलेले मैद्याचे फुगे खाऊन आणि उरलेले डब्यात भरून नेऊन.

तुम्ही त्याला पाहिलं असतं तर तुम्हीही विश्वास ठेवला असता. सकाळी कुत्र्याला फिरवून आणलं की तो आमच्या दारासमोर थांबायचा. काखेतला टॅब्लेट काढायचा, बाहीने काच पुसायचा आणि माझ्या नाकासमोर धरायचा. आमच्याकडे, टोरांटोजवळच्या व्हिटबीत, पोलीस गुन्ह्यांचा नकाशा इंटरनेटवर टाकतात. चोरी झाली की तिथे ठिपका. आसपासच्या वस्त्यांना गोवर आल्यासारखं दिसायचं. आमचा अर्धगोल रस्ता मात्र कोरा.

"नथिंग हॅपन्स हिअर, नेबर," तो म्हणायचा. इथे काही घडत नाही. आणि नातू परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा करून पुढे जायचा.

तो इंग्लंडमधल्या कुठल्याशा लहान गावातून तरुणपणी इकडे आला, मोटारींच्या कारखान्यात लागला आणि या रस्त्यावर घर घेतलं. तेव्हा इथे सगळी त्याच्याच देशाची माणसं होती. रस्त्याला नावही तिकडच्याच एका खेड्याचं. कुंपणाला गुलाब, दुपारी चहा, रविवारी सगळ्यांची गवतं एका उंचीची. मग कुणी वारलं, कुणी मुलांकडे गेलं. आम्ही आलो, समोर फिलिपिनो नर्स आली, कोपऱ्यावर पंजाबी ट्रकवाला आला. जुन्यांपैकी उरला हा एकटा. नव्या प्रत्येक घरी तो बिस्किटांचा डबा घेऊन जायचा आणि नेबरहुड वॉचचं, म्हणजे शेजाऱ्यांनीच राखण करायच्या मंडळाचं, स्टिकर स्वतःच्या हाताने खिडकीवर चिकटवायचा. ते वाकडं लागलं तर काढून पुन्हा लावायचा.

आमची पहिली भेट भांडणाने झाली. माझ्या दुकानाची व्हॅन मी रस्त्यावर लावली होती, त्यावरून तो काही बोलला आणि मी सुरू झालो. माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. वसईहून एक बॅग घेऊन आलेला माणूस, दुसऱ्याच्या गोदामात मासळीची खोकी उचलून शेवटी स्वतःचं दुकान काढतो, तो हळू बोलून नाही काढत. मी बोलतोय, बोलतोय, आणि हा कुत्र्याचा पट्टा धरून नुसता उभा. शेवटी म्हणाला, "तुमचं संपलं नसेल तर मी चहानंतर येऊ का?"

मी हसलो. तिथेच चुकलं.

पुढे तो दुकानात बांगडे घ्यायला यायला लागला. मी सवयीने चढा भाव सांगितला, म्हणजे त्याने खाली ओढावा. त्याने तेवढेच पैसे दिले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मलाच लाज वाटली आणि मी आपणहून कमी केला. ज्याला घासाघीस करता येत नाही त्याच्या पोटात काही लपलेलं नसतं, असं माझं गणित होतं. आयुष्यभर मी माणसं याच तराजूत तोलली.

आणि खरं सांगतो, त्याने केलं ते कुणी केलं नसतं. रेजिनाची आई वसईत गेली तेव्हा इथे बर्फाचं वादळ होतं. विमानं बंद, मी दुकानात अडकलेलो. हा फावडं घेऊन आमच्या दारापर्यंत वाट काढत आला, ओले बूट बाहेर ठेवून स्वयंपाकघरात गेला, स्वतःच चहा केला. रेजिना रोझरी म्हणत बसली होती. तो आमच्या पंथाचा नाही. पण टोपी काढून, मान खाली घालून तिच्या समोरच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसला. मी घरी पोचलो तेव्हा तो सिंकमधली भांडी घासत होता.

तेव्हापासून तो गॅरेजजवळच्या बाजूच्या दाराने, न ठोकता येऊ लागला. "आमच्या गावात," तो म्हणायचा, "दाराला कुलूप दिसलं तर समजायचं, घरात कुणी वारलंय नाहीतर शेजाऱ्याशी बिनसलंय." रेजिनाला हे फारच पटायचं. वसईला तिच्या आळीतली दारंही दिवसभर उघडीच असायची. मी कामाला जाताना बाजूचं दार लावायचो, ती उघडायची.

"अगं, हे कॅनडा आहे," मी ओरडायचो.

"अहो, दुकानात ओरडता तेवढं पुरे," ती म्हणायची. "पोलीस काय बघतील, त्यापेक्षा ते म्हातारबाबा जास्त बघतात."

त्याचा एक नियम होता. काहीही झालं, तर आधी मला सांगा. आता हे ऐकून इथल्या एखाद्या गोऱ्या माणसाने भुवया उंचावल्या असत्या. आम्हाला ते घरच्यासारखं वाटलं. आमच्या गावी वाडीतली केळी चोरीला गेली, बांधावरून भांडण झालं, तरी माणूस आधी आळीतल्या जाणत्याकडे जातो. पोलिसांची जीप दारात उभी राहिली की ती ज्याच्याकडे आली त्याचीच मान खाली जाते, मग चोरी त्याच्याच घरी झालेली का असेना. आम्हाला वाटलं, चला, इथेही आपल्याला एक जाणता मिळाला.

मागच्या हिवाळ्यात मात्र मी ऐकलं नाही. टोरांटोकडे घरात शिरून गाड्यांच्या किल्ल्या नेतात, असं दुकानात गिऱ्हाइकं बोलत होती. मी बाजूच्या दाराला नवं कुलूप बसवलं आणि रेजिनाला येशूची शपथ घातली. तिने काही आठवडे पाळलीही. मग एके दिवशी म्हातारा आला, दार उघडेना, म्हणून फिरून पुढच्या दाराने आला. चेहरा पडलेला.

"मिसेस, आपण कधीपासून कुलूप लावायला लागलो?" त्याने विचारलं. "उघडं ठेवा. इथे काही घडत नाही."

रेजिनाने मला न सांगता दार पुन्हा उघडं ठेवायला सुरुवात केली.

वसंतातली दुपार होती. ती चुलीपाशी, दाराकडे पाठ. बाजूचं दार वाजलं. तिने मागे न बघता हाक दिली, "कम, कम, टी इज रेडी."

आत आला तो दुसराच. तोंड झाकलेलं, अंगाने थोराड. त्याला गाडीची किल्ली हवी होती. ती हातात डाव घेऊन नुसती बघत राहिली, तेव्हा त्याने तिला ढकललं. ती फरशीवर मनगटावर पडली आणि हाड मोडलं. किल्ली भिंतीवरच टांगलेली होती. गाडी गेली. गाडीचं मला काही नाही, तिचा विमा होता.

तरुण पोलीस बाई आली. तिने विचारलं, "या रस्त्यावर आधी असं काही?"

मी म्हणालो, "नाही. इथे काही घडत नाही."

"हो," ती म्हणाली, "नकाशाही तेच सांगतो."

म्हातारा हॉस्पिटलात फुलं घेऊन आला. पलंगाशी बसला आणि रडायलाच लागला. "आय अॅम सो सॉरी, मिसेस." इथली माणसं तुमचा पाय स्वतःच्या पायावर पडला तरी सॉरी म्हणतात. आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. रेजिनाच प्लास्टर नसलेल्या हाताने त्याची पाठ थोपटत होती.

आमच्या बेसमेंटमध्ये सांगलीची एक मुलगी भाड्याने राहते, प्राजक्ता. कॉलेज करते, उरलेल्या वेळात कॉफीच्या दुकानात काम करते. रेजिना हॉस्पिटलात असताना एका संध्याकाळी ती माझ्यासाठी वरणभात घेऊन वर आली आणि ताट ठेवून तिथेच घुटमळली.

"काका, एक सांगू? रागावू नका."

"आता आणखी काय?"

"थंडीत माझ्या खोलीतून लॅपटॉप गेला होता. कुणीतरी मागच्या दाराने शिरलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बाहेर ते कुत्रावाले आजोबा भेटले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पोलिसात नाव गेलं की पीआरच्या वेळी उगाच प्रश्न विचारतात. तू अप्लाय करणार आहेस ना, मग गप्प राहा, मी बघतो. आणि काका, त्यांनी मला त्यांच्या नातीचा जुना लॅपटॉप आणून दिला. मला वाटलं, किती चांगले आहेत."

ज्याची चोरी झाली त्याने तक्रार केली म्हणून कुणाचा इथे कायम राहायचा परवाना अडत नाही, हे मी तिला एवढ्या मोठ्याने सांगितलं की ती रडायला लागली. वरणभात तसाच राहिला. मी बूट घातले आणि दारोदार फिरलो.

समोरची नर्स म्हणाली, तिचं गॅरेज फोडलं होतं. "त्यांनी सांगितलं, फक्त तुझ्याकडेच झालंय. ओळखीतलं कुणीतरी असेल, वाढवू नको." तिने तेव्हापासून आपल्याच भाच्याशी बोलणं टाकलं होतं.

कोपऱ्यावरचा ट्रकवाला दाढी खाजवत म्हणाला, "भाईसाब, मेरी तो गाड़ी ले जा रहे थे, कुत्ता भौंका तो भाग गए. अंकलजी बोले, बच गई ना? फिर गली का नाम क्यों खराब करना."

"मुझे क्यों नहीं बताया?"

"उन्होंने कहा था सबको बता देंगे."

प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याकडेच झालं. प्रत्येकाने जाणत्याला सांगितलं होतं. नकाशा कोरा होता, कारण तो रोज हाताने पुसला जात होता.

मी त्याच्या घरी गेलो तर बैठकीत खोकी. घर विकायला काढल्याची पाटी दुसऱ्या दिवशी लागायची होती. एजंटाच्या जाहिरातीत आमच्या रस्त्याचं वर्णन होतं, शांत आणि सुरक्षित. मी ओरडलो ते सगळं इथे लिहीत नाही. तो नेहमीसारखा माझं संपायची वाट बघत उभा राहिला.

"जागा चोरांनी मरत नाही, नेबर," मग तो म्हणाला. "नाव गेलं की मरते. आमच्या गावात चार टवाळ पोरांनी चोऱ्या केल्या. पेपरात छापून आलं, सगळ्या भागात सर्वांत वाईट गाव म्हणून. माणसं निघून गेली. दुकान बंद, शाळा बंद. आईला पोचवायला गेलो तर शवपेटी उचलायला ओळखीचा खांदा नव्हता. हे मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं."

"आणि म्हणून तुम्हीच पहिले निघालात?"

त्याने हातांकडे पाहिलं. "मुलगी बोलावते आहे. जिना चढवत नाही आता."

"मला एकच सांगा. रेजिनाला दार उघडं ठेव म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

तो उठला, किटली भरली, चुलीवर ठेवली आणि पाठमोराच विचारलं, "चहा घेणार?"

व्यवहारात समोरचा गप्प बसला की तो मनात काय जुळवतोय ते मला कळतं. त्याच्या पाठीवरून मला काहीच कळलं नाही. मी दार आपटून निघालो.

आता गंमत बघा. नर्सला विचारलं, गॅरेज कधी फोडलं? थंडीत कधीतरी, ती म्हणते. ट्रकवाल्याला विचारलं, तर तो तेव्हा आठवड्याआड फेऱ्यांवर. प्राजक्ता म्हणते, सेमिस्टर सुरू झालं तेव्हा, नाहीतर जरा नंतर. रेजिनाला तर तो कुलपाचा दिवसच आठवत नाही. कुणीच तक्रार केली नाही, त्यामुळे कशाचीच तारीख कुठे नाही. चोऱ्या आधी की त्याचं 'उघडं ठेवा' आधी, हे आता एकट्या त्याला माहीत आहे.

माझं मत तुम्ही विचारू नका, मी ते सगळ्या रस्त्याला ऐकवलंय. पण रेजिनाचं तसं नाही. ती सध्या विंडसरला मुलीकडे आहे. मनगट भरून आलं, कणीकही मळते म्हणे. मी दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, घरी कधी येतेस?

"त्यांना माहीत होतं का ते आधी विचारा," ती म्हणते.

"अगं, होतंच."

"तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू दे. माहीत होतं म्हणाले तर मी येईन, कुलूप लावून राहीन. नव्हतं म्हणाले तरी येईन. पण हे कळल्याशिवाय त्या चुलीपाशी दाराकडे पाठ करून मला उभं राहवणार नाही."

म्हातारा दूर कनाटा नावाच्या गावी आपल्या मुलीकडे गेला. जाताना आमच्या पायरीवर बिस्किटांचा डबा ठेवून गेला, तो मी उघडला नाही. त्याच्या घरात नवी माणसं आली आहेत, त्यांच्या दारावर कॅमेरा आहे. फोन केला तर मुलगी उचलते. डॅडची तब्येत बरी नसते, जुनं आता उकरू नका, म्हणते. बाई, तुमच्या डॅडची तब्येत बरी नसेल, तर माझ्या बायकोची तरी कुठे बरी आहे? जुनं काय त्यात? माझं स्वयंपाकघर आजही रिकामं आहे.

कनाटाकडे आपली बरीच माणसं आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल. उंच, किंचित वाकलेला, बाहीने काच पुसणारा म्हातारा कुठे भेटला, तर त्याच्यावर ओरडू नका, ते काम माझं आहे. त्याला माझा निरोप द्या. पोलिसात मी जाणार नाही, नकाशा कोरा ठेवून त्याच्या घराला आलेल्या किमतीचंही बोलणार नाही. रेजिनाचा नंबर त्याच्याकडे आहे. मुलीला मध्ये न घालता, किटली चुलीवर न ठेवता, त्याने तो स्वतः लावायचा. दार उघडं ठेवा म्हणालो तेव्हा मला माहीत होतं, किंवा नव्हतं. दोन्हींपैकी एक त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगायचं आहे, आणि ते सांगेपर्यंत मी त्याला सोडणार नाही.