एकाच काट्यावर

शहापूरला घरी बसून मी दिवसाचे आठ तास पगारासाठी काम करते आणि उरलेल्या वेळात फुकटचं. फुकटचं जास्त प्रिय आहे. जिचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यात मी लुडबूड करते. सासूबाई त्याला 'तुझं ते बिनपगारी' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात मी थ्रेडच्या मागे लागले होते. प्रोग्राम आपलं काम एकाच वेळी उरकावं म्हणून वाटून देतो. ते वाटेकरी म्हणजे थ्रेड. प्रत्येक नव्या थ्रेडला मेमरीचा एक तुकडा लागतो. आमची सिस्टीम दर वेळी नवा तुकडा मागवायची आणि काम संपलं की परत करून टाकायची. थ्रेड सतत जन्मत आणि मरत असतात, तेव्हा हा खटाटोप जड जातो. मी एवढंच केलं, की परत आलेले काही तुकडे हाताशी ठेवले आणि पुढच्या थ्रेडला तेच दिले. सांगायला दोन ओळी, करायला तीन महिने.

मग मोजलं. थ्रेड तयार व्हायचा वेळ निम्म्यावर आला होता. मी हुरळूनच गेले आणि आकड्यासकट बदल पाठवून दिला. तो तपासणारे गृहस्थ कुठल्याशा दूरच्या देशात राहतात आणि कोडमध्ये एक मोकळी जागा जास्त पडली तरी टोकतात. त्यांच्यापुढे माझी पत व्हावी, एवढीच माझी हाव होती.

संध्याकाळच्या चहाला मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आज लय खुश दिसून राहिली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर धानाचा व्यापार केला आहे. थ्रेड डोक्यावरून गेले, मोजणं मात्र नाही.

"पयले कुठी मोजलं होतं?"

"वर, माझ्या खोलीत."

"अन् मंग?"

"इथं, तुमच्या कूलरपुढं. वर दुपारी बसवत नव्हतं."

"जागा कायले बदलली? दोन्ही वजनं एकाच काट्यावर करा लागते, बाई."

वरच्या खोलीला टिनाचं छत आहे. मे महिन्यातल्या दुपारी तिथं लॅपटॉप इतका तापतो, की जीव वाचवायला आपणहून हळू चालतो. जुना कोड मी भट्टीत मोजला होता आणि नवा गारव्यात. कूलरची करामत मी स्वतःच्या नावावर मिरवत होते. स्वतःचा असा राग आला, की चहा तसाच राहिला.

दोन्ही कोड पुन्हा मोजले, कूलरपुढं, आलटूनपालटून. फायदा होता, पण जेमतेम. दहातला एखादा भाग. गप्प बसावं, असं खरंच वाटलं. आकडा यंत्रागणिक बदलतो, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. मामाजींना तसं म्हणूनही पाहिलं.

"सांगून दे," ते म्हणाले. "मागून कोणी आपले पोते फेरमोजले म्हणजे लय खराब वाटते."

मी लिहिलं. कूलरसकट लिहिलं, अर्धवट कबुलीत काय अर्थ. पुढचे दोन दिवस फोन नुसता वाजला तरी दचकत होते. स्वयंपाकात दोनदा मीठ विसरले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या गृहस्थांनी माझा बदल आधीच त्यांच्या तीन यंत्रांवर चालवून पाहिला होता. माझा आकडा त्यांना कुठंच मिळाला नव्हता. नकाराचं पत्र लिहून तयार होतं, तेवढ्यात माझं पोचलं. तेव्हा त्यांनी नव्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि तो तिन्ही यंत्रांवर जुळला. बदल त्यांनी घेतला. मला इतकं हलकं वाटलं, की निम्म्याचा आकडा गेल्याचं दुःखही झालं नाही.

मामाजींना मी ते मराठीत करून सांगितलं.

"म्हणजे तो नाहीच म्हणनार होता?"

"हो."

त्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. "मंग आपन वेळेवर बोललो," ते म्हणाले.